नाडी एकशे चोवीस

रेस्क्यू स्टेशनच्या रजिस्टरमध्ये गुलाब निमगडेच्या नावापुढं नऊ वर्षं एकच आकडा पडत आला होता. अडुसष्ट. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वैरागडे डॉक्टर बारा जणांना बाकावर ओळीनं बसवत आणि एकेकाची नाडी मोजत. कोणाची ऐंशी भरे, कोणाची नव्वद. घरून भांडून आलेल्या माणसाचं भांडणही डॉक्टरांना मनगटात कळे. गुलाबची मात्र अडुसष्ट. एकदा धुराच्या बोगद्यातला सराव संपवून तो बाहेर आला, पाठीवर प्राणवायूचं तेरा किलोचं यंत्र, बनियनमधून घाम गळतोय, आणि पाच मिनिटांनी डॉक्टरांनी मनगट धरलं तर बहात्तर.

"याच्या छातीत घड्याळ बसवलंय का कोणी?" डॉक्टर म्हणाले होते, आणि तेव्हापासून खदानीत त्याला काही जण 'घडीवाला' म्हणू लागले.

गुलाब मूळचा मूल तालुक्यातल्या एका धानाच्या गावचा. छप्पन साली बापानं दोन्ही पोरांना घेऊन चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची वाट धरली आणि दीक्षा घेऊन परत आला, तेव्हा गुलाब चौदा वर्षांचा होता. सातवीपर्यंत शिकला. विसाव्या वर्षी कोळशाच्या खदानीत लागला, आधी छताला लाकडाचे टेकू देणाऱ्यांच्या हाताखाली, मग छताची आणि वायूची तपासणी करणारा सिरदार, आणि पुढं आगीत, धुरात अडकलेल्या माणसांना काढणाऱ्या टोळीचा कॅप्टन. एकोणऐंशीच्या आगीत त्यानं दोन माणसं पाठीवर घालून आणली होती. त्यातला एक, मुखरू सिडाम, पुढं स्वतःच टोळीत भरती झाला आणि गुलाबच्या मागं चालणारा दुसऱ्या नंबरचा माणूस झाला. मुखरू म्हणायचा, "गुलाबभाऊच्या मांगं चाललं का मले भेवच वाटत नाई."

शहाऐंशीच्या जानेवारीतली मंगळवारची सकाळ. साडेसहाला भोंगा झाला. पहिल्या पाळीचा भोंगा सहाला होऊन गेलेला, म्हणजे हा रेस्क्यूचा. गुलाबनं चहाची बशी तशीच ठेवली आणि सायकल काढली.

स्टेशनात साहेब उभेच होते. रेस्क्यू स्टेशनचे सुपरिंटेंडेंट, बोलायला कमी. त्यांनी भिंतीवरच्या नकाशाकडं पाहिलंसुद्धा नाही.

"बंगालच्या हद्दीवरच्या एका खदानीत काल दुपारी आग लागली. सतरा माणसं आत आहेत. तिथल्या टोळ्यांची यंत्रं दोन तासांची. तेवढ्यात जाऊन परत येणं होत नाही, इतकी ती माणसं लांब आहेत. चार तासांची यंत्रं आपल्याकडं आहेत आणि ती वापरायचा सरावही आपल्यालाच आहे. सहा जण पाहिजेत."

"निघतो साहेब," गुलाब म्हणाला. "गाडी कितीची?"

"रेल्वेनं पोचेपर्यंत काय उरणार तिथं? नागपूरला, सोनेगावच्या तळावर वायुदलाचं विमान थांबवलंय. साडेबाराला उडायचं. साडेसातला इथून जीप."

मुखरूनं शिटी मारली. कोणीतरी हसलं. गुलाबनं मान डोलावली आणि यंत्रांच्या कपाटाकडं वळला. किल्ली कुलपात जाईना. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा त्यानं ती दोन्ही हातांनी धरून लावली.

कपडे आणायला तो क्वार्टरवर आला तेव्हा कांता अंगण झाडत होती. त्यानं सांगितलं. तिनं झाडू भिंतीला टेकवला.

"विमानानं?"

"हाव."

ती त्याच्या तोंडाकडं पाहत राहिली. कॉलनीत सगळ्यांच्या घरची कवेलू, म्हणजे छपराची कौलं, पावसाळ्याआधी बाप्ये फेरायचे. निमगड्यांच्या घरावर शिडी लावून कांता चढायची, आणि गुलाब खाली उभा राहून एक एक कवेलू वर द्यायचा, तेही वर न पाहता. शेजारी हसायचे. कांतानं कधी कोणाला कारण सांगितलं नव्हतं.

"साहेबांले सांगा ना," ती हळू म्हणाली. "दुसऱ्या कोनाले धाडतीन."

"कोनाले? देवरावले? त्यानं खरी आग पाह्यलीच नाई अजून."

"मंग मुखरूभाऊ?"

"मुखरू मांगं चालते तं वाघ आहे. म्होरं चालायचं वेगळं असते, कांता." तो पिशवीत टॉवेल कोंबू लागला. "सतरा मानसं आहेत."

पिशवीत तिनं चार भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. तो निघाला तेव्हा जय भीम म्हणाली, आणि फाटकापर्यंत आली नाही.

जीपमध्ये सातजण होते. टोळीतले सहा आणि राखीव म्हणून देवराव दहिवले. सव्वीस वर्षांचा, अंगानं दणकट, सरावात पहिला. पुढं ड्रायव्हरशेजारी वैरागडे डॉक्टर, मांडीवर त्यांची काळी पेटी. मागच्या गाडीत यंत्रं. भद्रावती गेलं, वरोरा गेलं. मुखरू सारखा बोलत होता. विमानात लघवीले जावं लागलं तं कुठी जातात, खिडकी उघडते का, वरून आपलं गाव दिसन का. बाकीचे हसत होते. गुलाब रस्त्याकडं पाहत होता. कपाशीची वेचलेली शेतं, पळसाची झाडं. जाम आलं. तिथं चहाला थांबले. त्यानं भरला कप तसाच टपरीवर ठेवला आणि दूर जाऊन उभा राहिला.

बुटीबोरीच्या अलीकडं एक विमान त्यांच्या डोक्यावरून उतरायला चाललं. सगळ्यांनी जीपमधून माना बाहेर काढल्या. गुलाबनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांपुढं त्याला श्रावण दिसला.

श्रावण त्याचा मोठा भाऊ. बासष्ट साली दोघं भाऊ रेल्वेच्या एका गावी पाण्याची टाकी बांधायच्या कामावर होते. बांबूची परांची, साठ फुटांवर. श्रावण काठाशी उभा राहून रिकामं घमेलं घेत होता, गुलाब वरच्या फळीवरून देत होता. फळी सरकली. श्रावणनं हात वर केला, गुलाबनं तो पकडला. पकडला होता. सिमेंटनं माखलेला हात. किती वेळ धरून ठेवला, हे त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. मग तो हात हातात नव्हता.

चौदा दिवसांनी गुलाब खदानीत भरती झाला होता. जमिनीच्या पोटात गेलेल्या माणसाला आणखी खाली पडायला जागा नसते, एवढाच त्याचा तेव्हाचा विचार.

सोनेगावला पोचले तेव्हा पावणेबारा झाले होते. मोकळं मैदान, ऊन स्वच्छ. कडेच्या शेडपुढं ते विमान उभं होतं, करड्या रंगाचं, पंखांवर दोन मोठे पंखे, पोट मालगाडीच्या डब्यासारखं आणि मागून उघडं. यंत्रं चढवायला सुरुवात झाली. डॉक्टरांनी शेडमधल्या टेबलावर कागद काढले.

"चला, एकेक जण. तिथं उतरल्या उतरल्या तुम्हाला थेट आत घालणार आहेत, तेव्हा कोण धडधाकट आहे ते मला इथंच लिहून द्यायचंय. नियम माहीत आहे. नाडी शंभराच्या वर असली तर यंत्र पाठीवर चढवायचं नाही."

मुखरू, अठ्ठ्याऐंशी. बाकीचे, ऐंशी, ब्याऐंशी, शहात्तर, चौऱ्याऐंशी. देवराव, चौऱ्याहत्तर. शेवटी गुलाब बसला. डॉक्टर घड्याळाकडं बघत हसत होते. अर्ध्या मिनिटात हसणं गेलं. त्यांनी दुसरं मनगट घेतलं.

"गुलाबराव, पळत आलात का?"

"नाई साहेब."

"ताप आहे?" त्यांनी कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. "एकशे अठरा आहे."

मुखरूचं तोंड उघडंच राहिलं. गुलाबनं मान खाली घातली. एका माणसाच्याही डोळ्यात बघायची त्याची हिंमत होईना. इतकी वर्षं ही माणसं त्याच्या मागं अंधारात चालली होती.

डॉक्टर त्याला बाजूला घेऊन गेले, शेडच्या मागं, सावलीत. "दीर्घ श्वास घ्या. चार आकडे घेताना, सहा सोडताना. तुम्हीच पोरांना शिकवता ना हे?"

गुलाबनं घेतले. यंत्र तोंडाला लावल्यावर घाबरलेल्या नवख्याला तो हेच सांगायचा, आकडे मोज, फक्त आकडे मोज. त्यानं आकडे मोजले. पण श्वास मोजता मोजता तो छातीतली धडधडही मोजू लागला, आणि जितकी मोजावी तितकी ती वाढे. डॉक्टरांनी पुन्हा मनगट धरलं.

"एकशे चोवीस." त्यांनी हात सोडला नाही. "काय झालंय? खरं सांगा. मी वीस मिनिटांनी सही करणार. तुमच्या नावापुढं की देवरावच्या, ते ठरवायचंय मला."

गुलाबनं शेडच्या कोपऱ्यावरून पलीकडं पाहिलं. देवरावनं आपला बेल्ट बांधायला घेतला होता. कोणीतरी त्याला तयार राहायला सांगितलं असावं. तो आनंदात नव्हता, उलट त्याचे ओठ सुकलेले दिसत होते, पण तो बेल्ट बांधत होता.

"उंचीचं भेव आहे मले, साहेब," गुलाब म्हणाला.

वाक्य तोंडातून निघालं आणि मग बाकीचंही निघालं. टाकी, परांची, श्रावण, हात. चोवीस वर्षांत कांताशिवाय कोणाजवळ न काढलेलं सगळं त्यानं तिथं उभ्या उभ्या, सरळ आवाजात सांगून टाकलं. सांगताना तो डॉक्टरांच्या बुटांकडं पाहत होता. संपलं तेव्हा मागं पाऊल वाजलं. मुखरू उभा होता, हातात पाण्याचा तांब्या. त्यानं ऐकलं होतं.

मुखरूनं तांब्या पुढं केला. गुलाब घटाघटा पाणी प्यायला.

"भाऊ," मुखरू मग म्हणाला, "तू नवीन गॅलरीत शिरतं तं आधी काय करतं?"

"काय करतो?"

"छत ठोकून पाह्यतं. काठीनं. खनखन वाजलं तं चाल म्हनतं, भद्द वाजलं तं थांब म्हनतं. न पाह्यता तं तू आमाले पाऊल टाकू देत नाई. मंग हे न पाह्यता काऊन घाबरून राह्यला? चाल, ठोकून तं पाहू."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "अठरा मिनिटं आहेत," ते म्हणाले. "जा."

विमानाच्या मागच्या उतारावर एक सार्जंट उभा राहून पेट्या बांधून घेत होता. पन्नाशीचा, जाड मिशांचा, नाव तिवारी. मुखरूनं त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत काय सांगितलं कोण जाणे, पण त्यानं गुलाबला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "आइए उस्ताद, देख लीजिए."

गुलाब उतारावरून चढला. आत दोन्ही बाजूंना कापडी पट्ट्यांची बाकं, वर वायरी, नळ्या, अंधूक उजेड. छत डोक्याला लागेल इतकं खाली. त्याला एकदम वाटलं, ही तर खदानीतली गॅलरीच आहे, तसाच बोगदा. त्यानं बोटांच्या सांध्यांनी भिंत ठोकली. पुढं सरकला, पुन्हा ठोकली. सगळीकडं एकच पातळ, टणटणीत आवाज. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते त्याला कळेना, कारण हे दगड नव्हते, पण हाताला काम मिळालं होतं.

"बाहर जाने का रास्ता कितना है?" त्यानं विचारलं.

तिवारीनं दाखवलं. मागचा उतार, डावीकडचं दार, वरची झडप. गुलाबनं तिन्हींच्या कड्या स्वतः हातात धरून पाहिल्या. कोणती कुठं वळते ते दोनदा विचारलं. आपल्या जागेपासून दारापर्यंत पावलं मोजली. सात. डोळे मिटून, भिंतीला हात लावत तेवढी सात पावलं पुन्हा चालला, धुरात चालतात तसा. दाराची कडी पहिल्याच झटक्यात हाताला लागली.

"एक पंखा बंद पडला तो?"

"दूसरे पे उतर जाएगा."

"और दोनों?"

तिवारी हसणार होता. पण गुलाबच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती, हे पाहून त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "दोनों बंद हुए तो थोड़ी देर तैरेगा। पायलट खेत देखेगा। बच भी सकते हैं, नहीं भी। झूठ नहीं बोलूँगा। बारह साल में मैंने ऐसा नहीं देखा।"

हे उत्तर गुलाबला आवडलं. काही होणार नाही म्हणाला असता तर त्याचा त्या माणसावरचा विश्वास तिथंच उडाला असता. खदानीत त्यानंही कधी कोणाला काही होणार नाही असं सांगितलं नव्हतं. छत वाईट आहे, डावीकडून चाला, एवढंच सांगायचा.

तो आपल्या जागेवर बसला. पट्टा बांधला. सोडला. पुन्हा बांधला. मुखरू समोर बसला. एकेक करत बाकीचे चढले. देवराव खाली उताराशीच उभा होता, यंत्र पायाशी ठेवून. बाहेर कुठंतरी घरघर सुरू झाली आणि डाव्या अंगाचा पंखा फिरायला लागला. सगळं पोट थरथरलं. गुलाबनं दोन्ही हातांनी पट्टी धरली.

डॉक्टर वाकून आत आले. आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून त्यांनी नुसता हात पुढं केला. गुलाबनं मनगट दिलं. डॉक्टरांचं बोट नाडीवर आणि डोळे घड्याळावर. पूर्ण एक मिनिट. पायलटच्या बाजूनं कोणीतरी ओरडून वेळ झाल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली नाही, दुसरं मिनिट मोजलं.

मग ते त्याच्या कानाशी वाकले. "एकशे दोन."

गुलाबनं त्यांच्याकडं पाहिलं.

"दोन्ही वेळा एकशे दोन. शंभर नाही." डॉक्टर ओरडून बोलत होते, तरी आवाज पंख्याच्या घरघरीत बुडत होता. "जमिनीखाली गेल्यावर किती होईल?"

"खाली गेलो का मोजायची गरज नाई पडनार, साहेब!"

डॉक्टरांनी गुडघ्यावर कागद धरला. गुलाबच्या नावापुढं त्यांनी एकशे दोनच लिहिलं, अठ्ठ्याण्णव लिहिलं नाही. खाली एक ओळ लिहिली, 'माझ्या जबाबदारीवर योग्य', आणि सही केली. कागद मुखरूच्या हातात देऊन ते उतारावरून खाली गेले. जाताना त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला. मागचा उतार वर उचलला गेला, बाहेरच्या उन्हाची चीर बारीक होत होत मिटली.

विमान धावायला लागलं तेव्हा गुलाबनं दात इतके आवळले की जबडा दुखला. मग चाकांचा खडखडाट अचानक थांबला. त्याला कोणी सांगायची गरज पडली नाही. पोटातलं सगळं खाली राहिलं आणि तो वर गेला. हात आपोआप पुढं झाला, हवेत, काहीतरी पकडायला. मुखरूनं समोरून वाकून तो हात धरला. मुखरूचाही हात ओला होता, तोंड पांढरं पडलं होतं, आणि पुढच्याच क्षणी तो आपल्या टोपीत ओकला. पण हात त्यानं सोडला नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी गुलाबनं त्या खदानीचा नकाशा मागितला. साहेबांनी फोनवरून ऐकून पेन्सिलीनं काढलेला. त्यानं तो मांडीवर पसरला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. कानात ओरडून, बोट फिरवून तो सांगू लागला. आपण इथून उतरणार. आग इथी. हवा इकडून येते. ही मानसं या टोकाला असतीन, का म्हनशान तं इथी जुनी गॅलरी आहे, वारं फिरत नाई, धूर उशिरा पोचते. मधे एकदा विमान सपकन खाली बसलं, दगडासारखं. कोणीतरी किंचाळलं. गुलाबचं बोट नकाशावर जिथं होतं तिथंच दाबून राहिलं, नखाखालचा कागद फाटला. छातीत पुन्हा हातोडा सुरू झाला. तो थांबला, आणि फाटल्या जागेपासून पुढं सांगू लागला.

खिडकीतून त्यानं एकदाही पाहिलं नाही. मुखरूनं नंतर सांगितलं की खाली नद्या दिसत होत्या, गाईच्या चऱ्हाटासारख्या पडलेल्या.

बंगालमधल्या पानागढला विमान उतरलं. तिवारीनं दंडाला धरून उतरवलं. जीपनं खदानीवर पोचायला पाच वाजले. फाटकाबाहेर बायका बसल्या होत्या, शे-दीडशे, कोणी रडत नव्हतं. त्यांच्यामधून वाट काढत सहाजण गेले. डोलीत, म्हणजे खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात, उभं राहताना गुलाबला पुन्हा एकदा पायाखालची पोकळी जाणवली. पण खाली अंधार होता, आणि अंधारात उंची दिसत नाही.

पहिल्या खेपेत ते साडेतीन तास आत होते. धूर इतका की टोपीच्या दिव्याचा उजेड हातभर पुढं थांबे. गुलाब पुढं, कमरेच्या दोरीला मुखरू, त्याच्यामागं बाकीचे. अर्ध्या वाटेवर सहा माणसं पडलेली सापडली. त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गुलाब वाकून प्रत्येकाच्या तोंडाजवळ आपला दिवा नेत गेला आणि पुढं चालला. शेवटच्या वळणावर त्यानं पाण्याच्या लोखंडी नळावर हातोडीनं तीन ठोके दिले. कान लावला. काही नाही. पुन्हा तीन. मुखरूनं त्याला यंत्राच्या काट्याकडं बोट करून दाखवलं, परतायची वेळ झाली होती. गुलाबनं एक बोट वर केलं, अजून एकदा. ठोके दिले, कान लावला, आणि नळातून कुठूनतरी फार लांबून उत्तर आलं. टक, टक. टक.

जुन्या गॅलरीच्या तोंडाशी ताडपत्री बांधून, फटींमध्ये ओले कपडे कोंबून अकरा माणसं आत बसली होती. त्यांना बाहेर काढायला तीन खेपा लागल्या, दुसऱ्या दिवशीचे नऊ वाजले. शेवटचा माणूस वर आला तेव्हा उन्हानं डोळे दिपून त्यानं गुलाबच्या छातीवर तोंड दाबलं. गुलाब तसाच उभा राहिला.

चौथ्या दिवशी परतायला विमान आलं. मुखरू आणि बाकीचे त्यात बसले. मुखरूनं या वेळी खिडकीशेजारची जागा मागून घेतली. गुलाबनं मात्र साफ सांगितलं, मी रेल्वेनं येतो. कोणी कारण विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं. दोन गाड्या बदलून तो नागपूरला आला आणि तिथून पॅसेंजरनं निघून शनिवारी दुपारी चंद्रपूर स्टेशनवर उतरला.

कांता प्लॅटफॉर्मवर होती. कोणत्या गाडीनं येतो हे तिला माहीत नव्हतं, सकाळपासून तिच्या तीन गाड्या पाहून झाल्या होत्या. दोघं नळाजवळच्या बाकावर बसले. तिनं डबा उघडला.

"मुखरूभाऊ सांगून गेला सारं," ती म्हणाली. "अकरा वाचले म्हनते."

"हाव."

"अन् बाकीचे?"

गुलाबनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. खदानीच्या कचेरीबाहेर फळ्यावर खडूनं सहा नावं लिहिली होती. निघायच्या आधी तो फळ्यापुढं उभा राहून ती पाठ करत होता. त्यानं ती एकेक करून सांगायला सुरुवात केली. लखन माझी. रामधनी. गोपाल बाउरी. बिशू. पाचवं आठवायला वेळ लागला. सहावं काही केल्या आठवेना, आणि कांता डबा मांडीवर धरून त्याला आठवेपर्यंत थांबली.